तीन डब्यांतले मोदक

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. बर्फ पडतोय असं समजा. आवाज न करता, कापूस पिंजल्यासारखा. समोरचा रस्ता दिसत नाही, शेजारचं घर दिसत नाही, शिकागोला जाणारी आगगाडीसुद्धा दुलईखालून गेल्यासारखी वाटते. आता त्या पांढऱ्या धुक्यात एक पिवळी खिडकी शोधा. तिच्या काचेवर वाफ जमली आहे आणि त्या वाफेवर एक मुलगी बोटाने पाटी काढते आहे: ‘गिरिजाचं स्वयंपाकघर’.

दिसली? तीच आपली आन्या.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये त्या सोमवारी स्नो डे होता, म्हणजे बर्फामुळे शाळा बंद. आन्याची आई गिरिजा लोकांना घरगुती जेवण करून द्यायची. ओट्यापाशी आन्या तिला मदत करायची, पण नेहमी आईच्या उजव्या बाजूला उभी राहून. डावीकडे उभं राहिलं की कोपराला कोपर लागायचं आणि पीठ सांडायचं. यंदा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जेवणाचं काम आपल्याला मिळालं, की खरंखुरं किचन भाड्याने घ्यायचं, असं आईने ठरवलं होतं. त्या किचनची पाटी आन्या जिथे जागा मिळेल तिथे रंगवत असे.

आई कामात असली की आन्या वीणाआजींकडे थांबायची. वीणाआजींनी कॅनडात, ओटावाला, सरकारी नोकरीत एकच काम वर्षानुवर्षं केलं होतं. जे विक्रेते वरवर एकमेकांशी स्पर्धा करतात आणि आतून हातमिळवणी करतात, त्यांना शोधून काढायचं. निवृत्त होऊन मुलीजवळ नेपरव्हिलला आल्या, तरी लोक आपली कोडी घेऊन त्यांच्याकडे येतच असत. पलीकडच्या घरातले रवींद्रआजोबा अशा वेळी त्यांची गाडी चालवत. त्यांनी जन्मभर पूल बांधले होते. जे डोळ्यांसमोर भक्कम उभं दिसतं, त्यावरच त्यांचा विश्वास.

दाराची बेल वाजली. बर्फाने पांढरे झालेले अनिलकाका आत आले. ते मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या हातात तीन डबे होते.

“वीणाताई, मला वेड लागलंय की आमच्या मंडळाला, ते तुम्ही सांगा.”

“आधी बूट काढा,” आजी म्हणाल्या. “मग वेडाचं बघू.”

अनिलकाकांनी चहा घेतला आणि सांगायला सुरुवात केली. मंडळाची एक रीत होती. माघी गणेशजयंतीला जेवण पुरवणारे तिघं आपापले मोदक नैवेद्याला आणत. कमिटी ते चाखून बघे. मग तिघांचे बंद पाकिटातले भाव उघडत, आणि सप्टेंबरच्या गणेशोत्सवाचं काम सगळ्यांत कमी भाव सांगणाऱ्याला मिळे.

“तिघं कोण?” आजींनी विचारलं.

“सुशांत, त्याचं रेस्टॉरंट आहे. यतीन, त्याचं केटरिंग. आणि आपली गिरिजा. आधी सुशांतला मिळालं, मग यतीनला, आणि काल पाकिटं उघडली तर गिरिजाला.”

“येस!” आन्या खुर्चीवरून उडालीच. “आई जिंकली!”

अनिलकाका हसले नाहीत. “बाळा, अजून जाहीर नाही केलं. वीणाताई, दर वर्षी जिंकणारा वेगळा, पण भाव मात्र आधीच्या वर्षापेक्षा चढा. आणि हरणारे दोघं त्याच्याहून एवढेसेच वर. यंदा जेवणाला दारात पैशांचं कूपन लावल्याशिवाय पर्याय नाही. गेल्या वर्षी वर्गणी वाढवली तेव्हाच शिकायला आलेली पोरं गळली. तो शार्दूल, दिवसभर शिडीवर चढून दिवे लावले त्याने, आणि पंगत बसायच्या वेळी म्हणतो, ‘काका, मला भूक नाहीये.’”

आन्याला शार्दूलदादा आठवला. त्याला कायम भूक असायची.

“महागाई सगळीकडेच आहे, अनिलराव,” खिडकीपाशी चहा घेत बसलेले रवींद्रआजोबा म्हणाले. “अंडी बघा, गॅस बघा.”

“असेलही,” वीणाआजी म्हणाल्या. “डब्यांत काय आहे?”

“कालचे उरलेले मोदक. ज्याचे त्याच्या डब्यात. गाडीतच राहिले, दगड झालेत.”

“अनिल, ह्या मुलीची आई तिघांतली एक आहे. मी तिलाही तेच प्रश्न विचारीन, जे बाकीच्यांना विचारीन. चालेल?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

आजींनी मोदक चाळणीत ठेवून वाफेला लावले. खिडक्यांवर आणखी वाफ चढली, पाटी विरघळली, घरभर गुळाचा आणि जायफळाचा वास पसरला. मग तीन बशा टेबलावर आल्या. सुशांतच्या मोदकांवर केशराची काडी होती. यतीनच्या मोदकांवर पिस्त्याची पूड. गिरिजाचे साधेच, पांढरे.

आन्याने टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवली. वाफेत मोदक ढगांतल्या छोट्या देवळांसारखे दिसत होते. प्रत्येकाच्या कळ्या डावीकडे वळत वळत शेंड्याशी जाऊन झोपल्या होत्या. ती त्या वळणांवरून डोळे फिरवत राहिली, आणि का कोण जाणे, तिन्ही बशांपाशी तिला आपल्याच घरी असल्यासारखं वाटलं.

“तीन घरचे तीन तऱ्हेचे,” रवींद्रआजोबा केशराचा एक मोदक उचलत म्हणाले. “ह्यात संशय घ्यायला काय आहे?”

“टोप्या तीन तऱ्हेच्या आहेत खऱ्या,” आजी म्हणाल्या. “गाडी काढा.”

दुपारपर्यंत बर्फ काढणाऱ्या गाड्यांनी मोठे रस्ते मोकळे केले होते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि मधून जाणारी त्यांची गाडी. मागच्या सीटवरून आन्याने विचारलं, “आजी, बट कुणी काहीच चोरलं नाहीये. मग गुन्हा कसा?”

“समज, टेकडीवर तू, शिव आणि अनिका, तिघं हॉट चॉकलेट विकताय. थंडीने कुडकुडणारी मुलं कुणाकडे जातील?”

“ज्याचं चीप आणि यमी असेल त्याच्याकडे.”

“म्हणून तुम्ही तिघं झटता. कुणी भाव उतरवतं, कुणी वर क्रीम घालतं. आता तुम्ही गुपचूप ठरवलंत, की आज आन्या विकेल, उद्या शिव, परवा अनिका, आणि ज्याची पाळी नाही त्याने मुद्दाम महाग सांगायचं. मग?”

आन्याने तिघांची नावं बोटांवर मोजली. “मग मुलांना वाटेल, दे आर चूझिंग. पण ते चूझ करतच नाहीयेत.”

“बरोबर. त्यांची निवडच चोरली. चोरीला गेलेली दिसत नाही, म्हणून ही चोरी फार वाईट. कॅनडात ह्याला चौदा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, इथे दहा. वर दंड. आणि बेत फसला, फायदा झाला नाही, तरी सुटका नाही. नुसतं आपसात ठरवणं हाच गुन्हा.”

“बाप रे! आणि पकडायचं कसं?” आजोबा म्हणाले. “असलं कुणी लिहून ठेवत नाही.”

“म्हणून कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. त्यांच्यातला जो सगळ्यांत आधी सरकारला फोन करून सगळं खरं सांगतो, त्याच्यावर सहसा खटला भरत नाहीत. त्याने बाकीच्यांना त्यात ओढलेलं नसलं पाहिजे, एवढंच. जो पहिला, तोच. दुसऱ्याला ते दार बंद.”

“ही तर फितुरी झाली!”

“गुपित कुणाविरुद्ध होतं, त्यावर ते ठरतं, रवींद्रराव. सिग्नल लाल आहे.”

सुशांतचं रेस्टॉरंट रिकामं होतं. तो गल्ल्यामागून हात जोडत आला. “या या मावशी! यार, ह्या बर्फाने धंदा पार बसवलाय.”

“कालचे मोदक सुरेख होते. कुणी केले?”

“अहो, कुणी म्हणजे? मीच. पहाटे उठून, ह्या हातांनी.” त्याने दोन्ही हात नाचवले. “आमच्या आईचा हात आलाय माझ्याकडे.”

“ह्या मुलीला दाखव ना एक करून. तिला शिकायचंय.”

सुशांत खुशीत आला. संध्याकाळच्या थाळीसाठी उकड मळलेलीच होती. डाव्या तळव्यावर पारी घेऊन त्याने उजव्या हाताने भराभर कळ्या पाडल्या, सारण भरलं, शेंडा मिटवला आणि मोदक आन्याच्या हातावर ठेवला. “बघ, फूल आहे की नाही?”

मोदक खरंच छान होता. कळ्या उजवीकडे वळत वर गेल्या होत्या. आजींनी तो डबीत घालून घेतला. “घरी वाफवीन,” त्या म्हणाल्या.

यतीनच्या केटरिंगच्या किचनमध्ये स्टीलच्या मांडणीवर मोदकांचे साचे ओळीने लावले होते. यतीन मोबाइलवर बोलत होता. त्याची बायको इला चहा घेऊन आली. एकाच हातात ट्रे. दुसरा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

“अगंबाई, हे काय झालं?” आजींनी ट्रे धरला.

“न्यू इयरला, पार्किंगमध्ये घसरले. काही करता येत नाही हो. वेणीसुद्धा मुलगी घालून देते.”

यतीनने फोन खाली ठेवला. “बोला मावशी. फटाफट हां, ऑर्डर आहे.”

“कालचे मोदक साच्यातले होते का रे?”

“छे! देवाचं काम. ते हातचे, स्पेशल. आमच्या इलाने केले.”

इलाने त्याच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

“आणि भाव इतका कसा चढला?”

“तांदूळ वाढला, नारळ वाढला. आणि हे बघा, इथे आपण सगळे एका फॅमिलीसारखे. एकमेकांचे पाय ओढून कोण मोठं झालंय?”

“खरं आहे,” आजी चहा पीत म्हणाल्या. “फॅमिलीत पाळीपाळीनेच घ्यावं.”

यतीनच्या हातातला कप बशीवर जरा जोरात वाजला.

घरी येईपर्यंत पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. रवींद्रआजोबा वैतागले होते. “तिघंही भली माणसं. एकाने डोळ्यांदेखत मोदक करून दाखवला. आणखी काय पाहिजे?”

आजींनी सुशांतचा नवा मोदक वाफवून कालच्या मोदकांच्या बशांशेजारी ठेवला आणि त्या अनिलकाकांना फोन करायला आत गेल्या.

आन्या टेबलापाशी एकटीच राहिली. तिने नवा मोदक पाहिला. मग कालचे पाहिले. केशराचा, पिस्त्याचा, साधा. पुन्हा नवा. बाहेर बर्फाचे कण दारावरच्या दिव्याच्या उजेडात गोल गोल फिरत होते, आधी एकीकडे, मग वारा बदलला की दुसरीकडे. आणि मग एकदम तिने खायला सुरुवात केली.

गिरिजा आन्याला न्यायला आली तेव्हा तिच्या टोपीवर बर्फ होता. तिने पर्समधून प्रसादाची पुडी काढून उजव्या हाताने सगळ्यांना साखर-खोबरं दिलं. आजींनी तिच्यापुढे कॉफीचा मग ठेवला. गिरिजाने तो अर्धा फिरवून कान आपल्या सोयीचा केला आणि उचलला.

“गिरिजा, कालचे मोदक तू केलेस?”

“हो, वीणामावशी.”

“सगळे?”

गिरिजाने कॉफीचा मग खाली ठेवला.

“माझे सगळे मीच केले,” गिरिजा म्हणाली. “चल गं आन्या, बर्फ वाढतोय.”

त्या रात्री आन्या जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वीणाआजींच्या बैठकीत सगळे जमले होते. अनिलकाका, सुशांत, यतीन, गिरिजा. आन्या खिडकीच्या कोपऱ्यात बसली. काचेवर तिने पुन्हा पाटी काढली होती. रवींद्रआजोबा बशा आणायला गेले आणि हात हलवत परत आले.

“वीणाबाई, घोटाळा! मोदक नाहीत. एकही शिल्लक नाही!”

“मी खाल्ले,” आन्या काचेकडे बघत म्हणाली.

“सगळे? अगं, अकरा-बारा तरी होते!”

“असू दे,” आजी मऊ आवाजात म्हणाल्या. “मोदक गेले, तरी पाहिलेलं जात नाही. बसा, रवींद्रराव.”

त्यांनी चष्मा पुसला.

“मंडळाला तीन वेगवेगळे मोदक मिळाले, असं सगळ्यांना वाटलं. एकावर केशर, एकावर पिस्ता, एक साधा. मी वरची सजावट काढून टाकली आणि फक्त कळ्या बघितल्या. मोदकाला सही लागत नाही. करणाऱ्याचा हातच त्याची सही असतो. उजव्या हाताने कळ्या पाडणाऱ्याचं वळण एका बाजूला जातं, डाव्या हाताने पाडणाऱ्याचं आरशातल्यासारखं उलटं. परवाच्या तिन्ही डब्यांतल्या कळ्या डावीकडे वळल्या होत्या. तिन्ही डब्यांत.”

“त्यात काय?” सुशांत हसला. “एकेकाची पद्धत!”

“तुझी पद्धत काल तू दाखवलीस. आन्याच्या तळव्यावर ठेवलेला मोदक उजवीकडे वळलेला होता. सवयीचा हात एका रात्रीत उलटा वळत नाही. म्हणजे केशराचे मोदक तुझे नव्हते.”

सुशांतचं हसू थांबलं.

“यतीन, तुझ्याकडे साचे आहेत. साच्यातला मोदक कुठेच वळत नाही, सरळ उभा असतो. तू म्हणालास, इलाने केले. इलाचा हात न्यू इयरपासून प्लास्टरमध्ये आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. एका हाताने पारी धरून त्याच हाताने कळ्या कशा पाडणार?”

“मग केले कुणी?” अनिलकाका पुढे सरकले.

“राहिलं कोण?” आजींनी विचारलं.

“गिरिजा?” रवींद्रआजोबांनी मान हलवली. “शक्यच नाही! ती उजव्या हाताची आहे. मी कितीदा तिच्या हातचा प्रसाद घेतलाय. कालसुद्धा!”

“इथेच आपण सगळे फसलो. प्रसाद आपण डाव्या हाताने देत नाही, घेतही नाही. मंडळात गिरिजा दिसते ती प्रसाद देताना, हळदीकुंकू लावताना. तिथे ती रीतीप्रमाणे उजवा हात पुढे करते. पण काल मी मुद्दाम मगाचा कान तिच्या उजवीकडे ठेवला होता. तिने मग फिरवला आणि डाव्या हाताने उचलला. रीत एका हाताची, सवय दुसऱ्या हाताची.”

आन्याने गुडघ्यांत तोंड लपवलं.

“आता विचार करा,” आजी पुढे म्हणाल्या. “खरोखर जिंकायचं असेल, तर कुणी आपल्या प्रतिस्पर्ध्याकडून नमुना करून घेईल का? ज्याला हरायचंच आहे तोच असा आळस करतो. यंदा पाळी गिरिजाची होती. दोघांना नुसतं हजर राहायचं होतं, थोडे जास्त भाव घेऊन. मग पहाटे कोण उठणार? सांगितलं तिलाच, आमचेही करून ठेव, वर केशर-पिस्ता आम्ही टाकतो. भाव का चढतोय, ते अनिलला कळत नव्हतं. उतरवायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून.”

“ही भिशी आहे, मावशी!” यतीन एकदम उसळला. “साधी भिशी! पाळीपाळीने एकेकाला मिळते. आपल्याकडे बायका करत नाहीत का? त्यात कसला आलाय गुन्हा?”

“भिशीत आपलाच पैसा आपण फिरवतो. तुम्ही शार्दूलच्या ताटातला फिरवलात, त्याला न विचारता.”

“कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात,” सुशांत पुटपुटला. “आम्ही चार मोदकवाले!”

“कायद्यात मोदकाला सूट दिलेली मी तरी वाचली नाही.”

गिरिजा उभी राहिली. “पहिल्या वर्षी मी खरा भाव सांगणार होते. कमी. हे दोघं घरी आले. म्हणाले, एकटी पडशील, तुला कुणी काम मिळू देणार नाही. गप्प राहिलीस तर तुझीही पाळी येईल. मला किचन हवं होतं, मावशी. मी गप्प राहिले. परवा पहाटे तिघांचे मोदक करताना... माझेच हात मला परके वाटत होते.”

“आयडिया सुशांतची होती!” यतीन म्हणाला.

“माझी? फॅमिली फॅमिली कोण करत होतं रे?”

अनिलकाकांनी कपाळावरून हात फिरवला. “मी उद्या सकाळी तक्रार करणार आहे. मला दुसरा मार्ग नाही.”

“आणि मी तिघांनाही एकच गोष्ट सांगते,” वीणाआजी म्हणाल्या. त्यांनी न्याय खात्याच्या ऑफिसचा नंबर मोठ्याने सांगितला. “जो आधी फोन करील, त्याचा नंबर पहिला लागेल. मग वकील, कागद, काय ते. पण फोन करायचा तो सगळं खरं सांगण्यासाठी. स्वतःचंही.”

सुशांत आणि यतीन एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघंही एकदम दाराकडे धावले, कारण एकालाही दुसऱ्यासमोर बोलायचं नव्हतं. खिडकीतून दिसलं, दोन काळ्या आकृत्या दोन दिशांना जात होत्या. एकाने गाडीचं दार ओढलं, ते गोठून बसलं होतं. दुसरा गुडघाभर बर्फात उभा राहून वकिलाचा नंबर शोधत होता. मग बर्फ दाट झाला आणि दोघंही पुसल्यासारखे दिसेनासे झाले.

गिरिजा तिथेच उभी होती. फोन टेबलावर होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. तो जणू नदीपलीकडे असावा, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

“फोन केला की काम गेलं,” ती हळूच म्हणाली. “मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. आन्या, बाळा... ती काचेवरची पाटी पुसून टाक.”

आन्या उठली. तिच्या गालांवर ओघळ होते. “आई, मी ते मोदक खाल्ले कारण... आय न्यू, मला कळलं होतं. सगळे तुझेच होते. मला वाटलं, संपले की संपेल.”

“आणि संपलं?” वीणाआजींनी विचारलं.

आन्याने नकारार्थी मान हलवली. तिने पाटीकडे पाहिलं. वाफेवरची अक्षरं ओघळत होती, पण वाचता येत होती. तिने ती पुसली नाही. टेबलावरचा फोन उचलला आणि आईच्या हातात दिला. डाव्या.

मग ती आईच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, ओट्यापाशी राहायची तशी.